पोस्टमध्ये ‘खो-खो मैदान पूर्ण’, जागेवर पेव्हर ब्लॉक : आधी ठेकेदाराची मुदत बघा

तुम्ही लिहिलंय की आमदारांनी विकासकामांच्या पोस्टमध्ये विश्वचषक विजेत्या खो-खो संघांच्या फोटोखाली ‘आपल्या मतदारसंघातही मैदान पूर्ण’ असं टाकलंय. जागेवर मात्र कमान, कंपाउंड, कडेनं पेव्हर ब्लॉक आणि मधे खडी वर आलेली पट्टी आहे. हे दुखणं चांगलंच ओळखीचं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पोस्टखाली कमेंटमध्ये भांडू नका. ‘क्रीडांगण विकसित करणे’ एवढ्याच नावानं काम मंजूर असेल, तर कमान आणि कंपाउंडही त्यातच बसतं आणि कागदावर काम खरंच पूर्ण असतं. खरं काय ते अंदाजपत्रकात आणि मोजमाप पुस्तिकेत (प्रत्यक्ष झालेल्या कामाची मापं लिहिलेली वही) कळतं.

माहिती अधिकाराचा अर्ज कसा करतात ते इथे बऱ्याच जणांनी सांगितलंय. आमचे आठ महिने ज्या चुकीत गेले, तेवढीच सांगतो. अर्ज निधी मंजूर करणाऱ्या कार्यालयाकडे दिला आणि त्यात विचारलं, ‘माती का टाकली नाही?’ त्या कार्यालयाकडे मंजुरीचे आदेश असतात, मोजमापं नसतात. कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत अर्ज पुढे पाठवायचा असतो, तोही पडून राहिला. शेवटी उत्तर आलं की प्रश्नार्थक माहिती देता येत नाही. तोवर दोष दायित्व कालावधी, म्हणजे कामातले दोष ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्त करून द्यायची मुदत, संपला आणि ठेकेदाराची अनामत परत गेली. त्यानंतर दुरुस्ती म्हणजे नवा निधी आणि नवी निविदा.

म्हणून अर्ज थेट काम करून घेणाऱ्या यंत्रणेच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे द्या, मग ती बांधकाम उपविभाग असो, जिल्हा परिषद असो की नगरपरिषद. ‘का’ विचारू नका, कागद मागा : प्रशासकीय मान्यतेचा आदेश, तांत्रिक मान्यतेचं अंदाजपत्रक, करारनाम्यातलं दोष दायित्वाचं कलम, मोजमाप पुस्तिकेची प्रत, काम पूर्णत्वाचा दाखला. विषय एकच आणि मजकूर १५० शब्दांच्या आत ठेवा. उत्तराची वाट न बघता त्याच दिवशी कार्यकारी अभियंत्यांना दोषांचं वेगळं पत्र द्या आणि आवक क्रमांक घ्या. मुदतीच्या आतलं हेच पत्र पुढे कामाला येतं.

पत्रात ‘निकृष्ट काम’ असं मोघम लिहू नका, मोजून लिहा. खो-खोचं मैदान २७ बाय १६ मीटर, भोवती दीड मीटर मोकळी जागा, म्हणजे एकूण ३० बाय १९. वरचा मऊ थर दाबल्यावर साडेसात सेंटीमीटर धरला तरी जवळपास ४३ घनमीटर, म्हणजे १५ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) होतो. सैल माल त्याहून जास्त लागतो. पुस्तिकेत पाच-सहा ब्रास दिसली, तर खडी वर का आली ते लगेच कळतं. खालची काळी माती काढलेली नसेल तर उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसात अख्खं मैदान फुगतं. मुरूम एकदम ओतून वरून रोलर फिरवला की वरचा पापुद्रा तेवढा घट्ट होतो. थर १०-१५ सेंटीमीटरचे हवेत, प्रत्येक थरावर पाणी आणि रोलर हवा.

खांब जरूर बघा. जमिनीपासून १२० ते १२५ सेंटीमीटर उंच, गुळगुळीत, वर कड नसलेला हवा. बऱ्याच ठिकाणी लोखंडी पाइप रोवून बुडाशी काँक्रीटचा चौथरा जमिनीच्या वर आणलेला असतो. खांबावर झेप घेणाऱ्या मुलीचा गुडघा थेट त्यावर आदळतो. काँक्रीटचा माथा मातीखाली पुरेसा खोल असायला हवा. टेप लावून फोटो काढा, पत्राला जोडा.

‘आता मॅट देतो’ असं आश्वासन मिळालं तर हुरळून जाऊ नका. दिल्लीचा विश्वचषक मॅटवर झाला हे खरं, पण तो बंदिस्त सभागृहात. उघड्यावर, उंचसखल जमिनीवर मॅट पसरली की सांधे उघडतात आणि उन्हानं ती कडक होते. सभागृह नसेल तर माझ्या मते चांगली मातीच मागा.

मी वकील नाही. दोष दायित्वाची मुदत प्रत्येक करारात वेगळी असते, दरसूचीही (सरकारी दरांची यादी) बदलते, तेव्हा तुमच्या कागदांवरूनच ठरवा.

आणि आमदारांना शत्रू करू नका. १९ जानेवारी २०२५ ला भारताच्या दोन्ही संघांनी नेपाळला हरवून पहिला विश्वचषक जिंकला. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, त्याचा अभिमान आमदारांनाही असणारच. मोजमापांचं पत्र त्यांच्या हातात द्या आणि अभियंत्यांसह जागेवर पाहणी मागा, शक्यतो सकाळी मुलं सरावाला येतात त्या वेळी. पाहणीचा पंचनामा तिथेच लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या.