वाइन टेस्टिंगचा व्यवसाय वाढवायचाय? आधी घरच्या बॅचेस थांबव

अगं, तुझा प्रश्न दोनदा वाचला. सहा महिने कोथरूडच्या फ्लॅटवर शनिवारी आठ-दहा जणी जमवतेस, माणशी 1500 घेतेस, चार वाइन आणि चीज-बिस्किटं, आता बॅच फुल होतायत म्हणून विचारतेयस की जागा भाड्याने घेऊ का, नोकरी सोडू का आणि सासूबाई नाराज आहेत त्यांचं काय करू. तिन्हीवर लिहिते, पण तू जे विचारलं नाहीस ते आधी.

घरच्या बॅचेस आजपासून बंद कर. आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी कायदा आहे, 1949 चा, त्यात घरी पैसे घेऊन वाइन देणं म्हणजे विनापरवाना विक्री. मैत्रिणी असल्या तरी, आणि "मी वाइनचे नाही, शिकवण्याचे पैसे घेते" हे पण टिकत नाही कारण त्या 1500 मध्ये वाइन आलीच ना. मी हे अनुभवलंय म्हणून सांगतेय. नाशिकला सुरुवातीच्या दिवसांत एका सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये बॅच लावली होती, कुणीतरी तक्रार केली आणि तिसरी वाइन ओतत असताना तपासणीला माणसं दारात उभी. समज देऊन सोडलं, पण बारा बायका पर्स उचलून खाली मान घालून निघून गेल्या, टेबलावर भरलेले ग्लास तसेच. त्यातल्या चार जणी परत कधीच आल्या नाहीत. चूक माझीच होती, नियम माहीत करून घेतले नव्हते.

मग करायचं काय? सोप्पं आहे, वाइन तू विकूच नकोस. ज्यांच्याकडे लायसन्स आहे त्यांना विकू दे, तू फक्त तुझं ज्ञान विक. पुण्यात लायसन्स असलेली कितीतरी रेस्टॉरंट्स आहेत जी सोमवार ते बुधवार दुपारी रिकामी असतात. मॅनेजरला जाऊन भेट, सांग की मी 12 जणी आणते, दुपारी 3 ते 5, वाइन आणि खाणं तुमचं, त्याचं बिल तुम्ही त्यांना डायरेक्ट द्या, माझी फी मी वेगळी घेते. दहातले तीन तरी हो म्हणतात. वाइनरीच्या टेस्टिंग रूममध्ये पण हेच जमतं. आणि कुणाच्या फार्महाऊसवर वगैरे करायचंच असेल तर एक दिवसाचं लायसन्स निघतं, राज्य उत्पादन शुल्क खात्याकडे रीतसर अर्ज करायचा, आदल्या दिवशी धावपळ करून होत नाही. वाइनला वय 21 पूर्ण लागतं, आयडी बघायला लाजू नकोस. ड्राय डे आधीच कॅलेंडरवर लाल करून ठेव, 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, आषाढी एकादशी, शिवाय निवडणुका. जाहिरातीचंही तसंच, दारूची जाहिरात करायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे पोस्टमध्ये बाटली आणि "या प्यायला" असं काही नको. वास, चव, द्राक्षं, जेवण याबद्दल लिही. माझ्याकडे येणारी काही माणसं तर बागेचे फोटो बघून येतात.

पैशाचं गणित. बाटली 750 मिलीची, टेस्टिंगला 50 मिली ओतायचं, म्हणजे 15 ओतणी, पण हात थोडा सैल पडतोच म्हणून 12 जणी एका बाटलीत बसतात. म्हणूनच माझी बॅच 12 ची आहे आणि कितीही आग्रह झाला तरी तेरावी घेत नाही. समज तुझी फी 900, रेस्टॉरंटचं बिल वेगळं. 12 जणींचे 10,800. मदतनीस मुलीला 1000, येणंजाणं आणि छपाई 800, हातात राहिले 9000. आठच आल्या तर 7200 मधून तोच खर्च जाऊन 5400. महिन्यात चार बॅच धर आणि त्यातल्या दोन अर्ध्या-मुर्ध्या भरतील असं धर, तरी 28-29 हजार. कंपन्यांच्या ऑर्डरी येईपर्यंत यावर घर चालत नाही हे स्पष्ट सांगते, त्यामुळे नोकरी आत्ता सोडू नकोस. जागा तर अजिबात नको, भाडं, डिपॉझिट, लायसन्स, फ्रीज, एवढं अंगावर घेऊन तू शिकवणार कधी? फक्त स्वतःच्या फीची पावती द्यायला लाग, मद्य जीएसटीत येत नाही पण तुझी फी ही सेवा आहे, वर्षाला 20 लाखांच्या पुढे गेलीस की नोंदणी करावी लागते. सीएला एकदा भेटून घे.

आता मला जे खरं सांगायचंय ते. व्यवसाय वाढतो तो भाषेने. मी पण कोर्स केलाय, डब्ल्यूएसईटी या वाइन शिकवणाऱ्या लंडनच्या संस्थेची दुसरी लेव्हल, तू पण कर, पहिली लेव्हल तर एका दिवसात होते आणि उपयोगी आहेच. पण तिथून आल्यावर मी वर्षभर गूजबेरी, ब्लॅककरंट, सीडार असं बोलत राहिले आणि समोरच्या बायका माना डोलवत राहिल्या, यातलं त्यांनी कधी काही खाल्लेलं नव्हतं, मी तरी कुठे खाल्लं होतं. माझं माहेर दिंडोरी तालुक्यातलं, वडिलांची थॉमसन द्राक्षाची बाग, आईने आयुष्यात वाइनला ओठ लावले नाहीत. एकदा मी माहेरी ओट्यापाशी सॉविन्यॉ ब्लांकचा, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाच्या व्हाइट वाइनचा, ग्लास ठेवून नोट्स लिहीत बसले होते, आई मागून आली, वाकून वास घेतला आणि म्हणाली, "ढोबळी मिरची चिरलीस का गं?" घरात ढोबळी मिरची नव्हतीच. या द्राक्षात आणि ढोबळी मिरचीत वासाचा एक घटक खरोखर एकाच कुळातला आहे, पुस्तकात मी ते पाठ केलं होतं आणि माझ्या आईने नुसत्या नाकाने सांगितलं. त्या दिवसापासून मी सगळी यादी बदलली. सॉविन्यॉला कैरी, पेरू, ढोबळी मिरची. शिराज या रेड वाइनला जांभूळ आणि मिरे. आणि टॅनिन, म्हणजे रेड वाइनमधला तोंड सुकवणारा घटक, समजावायला तर आपल्याकडे तुरट हा इतका नेमका शब्द आहे, कच्चं केळं, जास्त उकळलेला चहा, सुपारी, की एका वाक्यात चेहरे उजळतात. बॅचच्या आधी छोट्या वाट्यांत खरी कैरीची फोड, कुटलेले मिरे, लवंग, ढोबळी मिरचीचा तुकडा ठेवते, आधी वाटीचा वास आणि मग ग्लासचा. जी बाई आल्या आल्या "मला काही कळत नाही हं" म्हणते तीच अर्ध्या तासाने शेजारणीशी वाद घालते की जांभूळ नाही, करवंद आहे. तीच पुढच्या वेळी नणंदेला घेऊन येते. माझ्याकडे नव्या येणाऱ्या बहुतेक जणी अशाच कुणाच्या तरी बोटाला धरून आल्यात.

खाण्याचं पण तेच, चीज-बिस्किटं सोड. बाकरवडीबरोबर जरा गोडसर शेनिन ब्लां ही व्हाइट दे, चकलीबरोबर बुडबुड्यांची स्पार्कलिंग, तळलेल्या सुरमईबरोबर सॉविन्यॉ, सुक्या मटणाबरोबर शिराज. मिसळीबरोबर कॅबर्ने ही तुरट रेड मात्र नको, टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही तिखट भडकवतात, तिथे थंड रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, बरी. पुरणपोळीला लेट हार्वेस्ट, म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाइन, कारण वाइन पोळीपेक्षा गोड हवी नाहीतर आंबट लागते.

आणखी दोन गोष्टी ज्या कुणी सांगत नाही. निमंत्रणाच्या मेसेजमध्येच लिही की परफ्यूम आणि गजरा नको. मार्गशीर्षातल्या एका बॅचला सहा जणी मोगऱ्याचे गजरे माळून आल्या, इतक्या सुंदर दिसत होत्या की मला बोलवेना, आणि दोन तास सगळ्या वाइनना मोगऱ्याचाच वास. दुसरं म्हणजे ऊन. मे महिन्यात बाटल्या गाडीच्या डिकीत तासभर जरी राहिल्या तरी वाइन शिजते, वास शिजवलेल्या फळासारखा येतो, कधी बूच वर सरकतं. पुस्तकातलं रूम टेंपरेचर म्हणजे आपली खोली नव्हे, रेड 16-18 डिग्रीला द्यायची म्हणजे आपल्याकडे अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावीच लागते, व्हाइट 8 ते 12. आणि प्रत्येकीला अपारदर्शक कागदी कप दे, थुंकायला. मधे एक मोठं भांडं ठेवलं तर आपल्या बायका लाजून सगळं गिळतात, स्वतःचा कप असेल तर बिनधास्त वापरतात आणि शुद्धीत घरी जातात. गाडी चालवत कुणी आली असेल तर आधीच ठरवून कॅब.

वाढीसाठी मला तीन ठिकाणी यश आलं. एक म्हणजे बागेतली सहल. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळासाठीची गोडी छाटणी आणि जानेवारी ते मार्च काढणी, त्या काढणीच्या दिवसांत बसभर बायका घेऊन जायचं, घड तोडायचा, रस चाखायचा, मग तीच जात ग्लासमध्ये. तुला नाशिक लांब वाटलं तर अकलूजच्या बाजूला फ्रातेल्ली या वाइन कंपनीची बाग आहे. सुला या वाइन कंपनीने 2005 मध्ये गंगापूर धरणाजवळ टेस्टिंग रूम उघडली तेव्हापासून नाशिकच्या माणसाला वाइन बघायला जाणं ही गोष्ट ओळखीची झाली, त्याचा आम्हाला सगळ्यांना फायदा झाला हे मान्य करायलाच हवं.

दुसरं, रेस्टॉरंटच्या स्टाफचं ट्रेनिंग. वेटर मुलांना बाटली कशी उघडायची, कुठल्या डिशबरोबर काय सुचवायचं, हे तीन तासांत शिकवायचं. मुलं सतत बदलतात म्हणून दर चार-सहा महिन्यांनी परत बोलावतात. पावसाळ्यात माझं घर यावरच चालतं.

तिसरं कंपन्या. 8 मार्चला सगळ्यांना तू हवी असशील, पण अर्धे पैसे आधी घेतल्याशिवाय तारीख देऊ नकोस. एका मोठ्या कंपनीने माझे पैसे चार महिने अडकवले होते. नंतर छोट्या उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी केली, फुकट होते, आणि तो नंबर बिलावर छापायला लागले. नोंदणी असलेल्या छोट्या उद्योगाचे पैसे 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात आणि आता उशीर होऊन आर्थिक वर्ष संपेपर्यंतही दिले नाहीत तर समोरच्याला तो खर्च त्या वर्षी इन्कम टॅक्समध्ये दाखवता येत नाही, त्यामुळे अकाउंट्सवाले स्वतःहून फोन करतात.

सासूबाईंचं सगळ्यात शेवटी लिहितेय कारण ते सगळ्यात अवघड आहे. त्यांना मागास वगैरे समजू नकोस गं. 2022 मध्ये सरकारने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायचा निर्णय घेतला तेव्हा किती गदारोळ झाला, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला होता. ज्या बायकांनी दारूपायी घरं मोडताना बघितलीत त्यांची भीती खोटी नाही. माझे वडील दोन वर्षं गावात सांगायचे की मुलगी द्राक्षाच्या कंपनीत आहे. मी वाद घातला नाही. एकदा काढणीच्या दिवसांत त्यांना वाइनरीत घेऊन गेले, तिथे ते शर्करा मोजायचं यंत्र हातात घेऊन केमिस्टशी तासभर बोलत बसले, साखर किती ब्रिक्सला तोडता, फवारणी कधी बंद करता. वाइन चाखली नाहीच. पण परत येताना म्हणाले, कामाची माणसं आहेत. त्यानंतर ते विषय टाळेनासे झाले. सासूबाईंना बॅचला बोलावू नकोस, वाट्या भरायला बोलाव. कैरी, मिरे, लवंग, वेलची, यात त्यांच्याइतकं तयार नाक तुझ्या बॅचमध्ये कुणाचं नसेल. आणि सोनल हॉलंड 2016 मध्ये भारतातल्या पहिल्या मास्टर ऑफ वाइन झाल्या, ही या क्षेत्रातली फार मानाची पदवी आहे, तो मान एका बाईने मिळवलाय हे पण सांग त्यांना.

तर या आठवड्यात तीन रेस्टॉरंट्स फिरून ये आणि कुठला मॅनेजर काय म्हणाला ते लिही, रेट कसा बोलायचा ते मग बघू. ग्लास विकत घेऊ नकोस एवढ्यात, माझ्याकडे 36 टेस्टिंग ग्लास जास्तीचे आहेत, पुढच्या महिन्यात पुण्याला भावाकडे येतेय तेव्हा खोक्यात भरून आणते. धुताना साबण कमी आणि गरम पाणी जास्त, आणि पुसायला नवीन पंचा दोनदा धुऊन मगच वापर, खळीचा वास काचेला धरतो.