1960 मध्ये निक्सन टीव्हीवरच्या वादविवादामुळेच हरले का?

तुम्ही 1960 च्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत रिचर्ड निक्सन आणि त्यांचे प्रतिस्पर्धी जॉन केनेडी यांच्यात झालेल्या वादविवादाबद्दल विचारलंय. टीव्हीचा परिणाम झालाच, पण माझ्या मते मुख्य घोळ दोन महिने आधीच झाला होता.

28 जुलैला शिकागोच्या अधिवेशनात उमेदवारी स्वीकारतानाच निक्सन यांनी पन्नासही राज्यांत प्रचाराला जाण्याचा शब्द दिला. अमेरिकेत अध्यक्ष देशभरातल्या एकूण मतांवर ठरत नाही. प्रत्येक राज्याच्या वाट्याला ठरावीक इलेक्टोरल मतं असतात आणि अध्यक्ष त्यांच्यावर ठरतो. राज्यात जो पुढे, त्या राज्याची सगळी इलेक्टोरल मतं सहसा त्याचीच. म्हणजे अटीतटीच्या राज्यांना वेळ देणं हाच प्रचाराचा जीव. त्यात ऑगस्टअखेर गुडघ्याला जंतुसंसर्ग होऊन ते जवळजवळ दोन आठवडे रुग्णालयात पडून होते. शब्द मागे घ्यायला याहून सबळ कारण मिळालं नसतं. पण त्यांनी तो घेतला नाही आणि बाहेर पडताच धावाधाव सुरू केली. 26 सप्टेंबरच्या वादविवादात टीव्हीवर लोकांना दिसलेला ओढलेला, पांढराफटक चेहरा त्या आजारपणाचा आणि दगदगीचा होता.

मतदान मंगळवारी, 8 नोव्हेंबरला. त्याआधीच्या रविवारी निक्सन कुठे? अलास्कात, 3 इलेक्टोरल मतांसाठी! त्याच रविवारी पहाटे तीनच्या सुमारास केनेडी कनेक्टिकटमधल्या वॉटरबरीत हॉटेलच्या सज्जातून ताटकळलेल्या गर्दीशी बोलत होते, आणि शुक्रवारी त्यांनी अटीतटीच्या इलिनॉय राज्यातल्या शिकागोत मोठी सभा घेतली होती.

दुसरी चूक मला जास्त सलते. ऑक्टोबरमध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांना जॉर्जियात सक्तमजुरीची शिक्षा झाली. केनेडींनी किंग यांच्या पत्नी कोरेटा यांना फोन केला. किंग यांच्याशी स्वतःची ओळख असूनही निक्सन जाहीरपणे गप्प राहिले. तोवर निक्सन यांच्या बाजूने असलेले किंग यांचे वडील उघडपणे केनेडींकडे गेले, आणि ही बातमी पत्रकांतून कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये पोचली. दक्षिणेतली गोरी मतं जपायला गप्प बसायचं, हा हिशेब माणुसकीला धरून नव्हताच, आणि मतांनाही महागात पडला.

शिकागोत मतांची अफरातफर झाली म्हणून निक्सन हरले, असं अजूनही सांगितलं जातं. पण इलिनॉयची 27 इलेक्टोरल मतं वजा केली तरी केनेडींकडे 303 पैकी 276 उरतात, आणि जिंकायला 269 पुरेशी होती. निक्सनना 219 मिळाली. इलिनॉय, मिसुरी आणि न्यू जर्सी ही तीन राज्यं मिळून ते सुमारे 41 हजार मतांनी हरले. ती राज्यं आली असती तर त्यांची इलेक्टोरल मतं 275 झाली असती.