अ‍ॅम्ब्युलन्स नाही, तर शर्यत नाही

(या सदरात वाचकांच्या प्रश्नांना नाशिकच्या एक भूलतज्ज्ञ उत्तरं देतात. मोटर रॅलींमध्ये वैद्यकीय अधिकारी म्हणून त्या बरीच वर्षं काम करत आल्या आहेत.)

प्रश्न : डॉक्टर मॅडम, आमच्या कॉलेजात वादविवाद स्पर्धा आहे. विषय आहे, ‘साथीच्या काळात मोठ्या मोटर-शर्यती रद्द करणं योग्य होतं का?’ मी ‘नव्हतं’ या बाजूने बोलणार आहे. ड्रायव्हर गाडीत एकटा असतो. हेल्मेट, हातमोजे, अंगभर सूट. प्रेक्षक नको असतील तर टीव्हीवर दाखवा. मग मार्च २०२० मध्ये मेलबर्नची फॉर्म्युला वन ऐनवेळी का गुंडाळली? कबड्डी-क्रिकेटपेक्षा तरी हा खेळ सुरक्षित नाही का?
– एक विद्यार्थी, इंदिरानगर

उत्तर : अरे, तुझा मुद्दा टाळ्या घेईल, पण समोरचा थोडा अभ्यास करून आला असेल तर दुसऱ्याच मिनिटाला तू अडकशील. ड्रायव्हर एकटा असतो हे कबूल. पण गाडी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या जागी, आली की तिच्याभोवती वीसेक माणसं खांद्याला खांदा लावून वाकतात आणि दोन-अडीच सेकंदांत चारही टायर बदलतात. तिथे कसलं आलंय सहा फुटांचं अंतर! आणि हीच माणसं दर पंधरवड्याला विमानाने दुसऱ्या देशात जातात.

तरी हे सगळं सोड. मला स्वतःला संसर्गापेक्षा दुसरीच गोष्ट मोठी वाटते, आणि ती टीव्हीवर दिसत नाही. मी रॅली बघते ती अ‍ॅम्ब्युलन्सच्या मागच्या पायरीवर बसून. आपल्याकडे रॅली असते तेव्हा प्रत्येक स्टेजच्या, म्हणजे शर्यतीसाठी बंद केलेल्या रस्त्याच्या एकेका टप्प्याच्या, तोंडाशी एक सुसज्ज अ‍ॅम्ब्युलन्स लागते. आत मानेच्या कॉलरची वेगवेगळी मापं, पाठीचा कणा न हलवता पेशंट उचलायचा स्पाइन बोर्ड, घशातलं रक्त ओढून काढणारं सक्शन, श्वासनळीत नळी घालताना घसा दाखवणारा लॅरिंगोस्कोप (त्याचा दिवा सकाळी मी स्वतः लावून बघते, सेल नेमके ऐनवेळी दगा देतात) आणि ऑक्सिजनचे सिलिंडर. ही अ‍ॅम्ब्युलन्स पेशंट घेऊन निघाली की तिच्या जागी दुसरी येईपर्यंत पुढची गाडी सुटत नाही. मग को-ड्रायव्हर घड्याळ दाखवू दे नाहीतर डोक्यावर हात मारून घेऊ दे. शिवाय शहरातल्या एका हॉस्पिटलला आधी कळवलेलं असतं की या दोन दिवसांत थिएटर तयार ठेवा, न्यूरोसर्जन गावात असू द्या, रक्तपेढीला सांगून ठेवा. म्हणजे अपघात झाला नाही तरी शहराची एवढी यंत्रणा शर्यत संपेपर्यंत अडकून पडते.

फॉर्म्युला वनमध्ये हाच नियम मोठ्या प्रमाणावर चालतो. २०१७ मध्ये शांघायला शुक्रवारचा सराव वाया गेला, कारण खराब हवेमुळे जखमींना नेणाऱ्या हेलिकॉप्टरला ठरलेल्या हॉस्पिटलपाशी उतरता येत नव्हतं. ऑक्टोबर २०२० मध्ये जर्मनीत न्यूरबर्गरिंगला धुक्यामुळे हेलिकॉप्टर उडेना, तर तिथेही शुक्रवारी एकही गाडी सरावाला निघाली नाही. गाड्या तयार, ड्रायव्हर तयार, ट्रॅक मोकळा. नुसतं हॉस्पिटल लांब पडलं म्हणून सगळे हात बांधून बसले.

आता हे साथीच्या काळाला लावून बघ. हॉस्पिटल आहे जागेवरच, पण आत खाट नाही. तू तेव्हा शाळेत असशील. एप्रिल २०२१ मध्ये नाशिकमध्ये काय चाललं होतं ते घरच्यांना विचार. लोक रिकामे सिलिंडर रिक्षात घालून सातपूर-अंबडच्या चकरा मारत होते, रेमडेसिव्हिरसाठी मेडिकलसमोर रांगा लागत होत्या. त्या दिवसांत कोणी माझ्याकडे शर्यतीसाठी व्हेंटिलेटरची अ‍ॅम्ब्युलन्स आणि राखीव आयसीयू मागितला असता, तर मी त्याला काय उत्तर दिलं असतं ते या मासिकात छापता आलं नसतं.

तू विचारलेल्या मेलबर्नबद्दल. तिथे निर्णय बरोबर होता, वेळ चुकली. गुरुवारी, १२ मार्चला, विश्वविजेता ड्रायव्हर हॅमिल्टन पत्रकार परिषदेत ‘इथे पैसाच राजा’ असं सरळ बोलून मोकळा झाला. त्याच रात्री मॅक्लारेनच्या एका कर्मचाऱ्याची टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि त्या संघाने माघार घेतली. तरीही शुक्रवारी सकाळी अल्बर्ट पार्कच्या, म्हणजे तिथल्या ट्रॅकच्या, फाटकांवर तिकीटवाले रांगेत उभेच होते. पहिला सराव दोनेक तासांवर आलेला असताना रद्द झाल्याचं जाहीर झालं. साथीत जी गर्दी टाळायची, ती फाटकाबाहेर जमवून झाल्यावर! बंदी घालायचीच तर लोक घरातून निघण्याआधी घालायला हवी होती.

त्याच्या आठवडाभर आधी कतारमध्ये मोटोजीपीवाल्यांनी, म्हणजे मोटरसायकलींच्या जागतिक शर्यतीवाल्यांनी, बरं काम केलं होतं. इटलीहून येणाऱ्यांना विलगीकरणात राहावं लागणार होतं आणि मोटोजीपीतले कितीतरी रायडर, मेकॅनिक इटालियन. म्हणून त्यांनी मुख्य वर्गाची शर्यत आधीच रद्द केली. मोटो-टू आणि मोटो-थ्री या खालच्या वर्गांतले लोक गाड्यांच्या चाचण्यांसाठी तिथे आलेलेच होते, त्यांच्या शर्यती झाल्या. मेक्सिकोतली जागतिक रॅली मार्चच्या मध्यात सुरू झाली खरी, पण देशोदेशीच्या सीमा बंद होऊ लागल्यावर रविवार गाळून शनिवारीच संपवली, म्हणजे लोकांना घरी जायला विमान तरी मिळेल. फ्रान्सचा ओजिए जिंकला. तिथे स्टेजवर गर्दी होती, ते मला मुळीच पटलं नव्हतं.

तुला त्याच बाजूने बोलायचं असेल तर ‘रद्द कशाला, पुढे ढकला’ असं म्हण. त्यात दम आहे. ५ जुलै २०२० ला ऑस्ट्रियात श्पीलबर्गला फॉर्म्युला वन सुरू झालीच. प्रेक्षक नाहीत, संघांचे वेगवेगळे गट, सतत टेस्ट. वर्षअखेर १७ शर्यती झाल्या. फ्रान्समधली ल माँची २४ तासांची शर्यत जूनवरून सप्टेंबरला गेली, इंडियानापोलिसची ५०० मैलांची मेवरून ऑगस्टला, दोन्ही रिकाम्या स्टँडसमोर. पण ही सगळी मुख्यतः कायमच्या ट्रॅकची चैन आहे हे विसरू नकोस. मोनॅकोला शहराच्या रस्त्यांवरच कठडे, जाळ्या, स्टँड उभे करायला कित्येक आठवडे लागतात. त्यांना तारीख सरकवणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यांनी १९ मार्चला रद्दच करून टाकली. १९५४ नंतर पहिल्यांदाच त्या शहरात शर्यत झाली नाही. आपली रॅलीसुद्धा गावरस्त्यांवर चालते. परवानग्या, ग्रामपंचायती, पावसाने उखडलेला रस्ता, द्राक्षांच्या हंगामात क्रेट भरून धावणारे ट्रॅक्टर. यातून एक रविवार काढणं किती अवघड असतं ते आयोजकांना विचार.

आणि कोणी म्हणालं की ‘मोकळ्या स्टँडसमोर शर्यत म्हणजे हॉस्पिटलवर भार नाही’, तर त्याला २९ नोव्हेंबर २०२० ची बहारीनची शर्यत बघायला सांग. पहिल्याच फेरीत ग्रोजाँ या ड्रायव्हरची गाडी कठड्यात घुसून दुभंगली आणि पेटली. तो ज्वाळांतून बाहेर आला, हेलिकॉप्टरने हॉस्पिटलात गेला. मेडिकल कार मागोमाग होती म्हणून डॉक्टर काही सेकंदांत पोचले. पुढच्या वर्षी तुर्कस्तानच्या शर्यतीआधी त्याच मेडिकल कारचा चालक आणि तेच डॉक्टर, दोघंही पॉझिटिव्ह निघाले. बदली माणसं होती म्हणून शर्यत झाली. जिल्ह्याच्या ठिकाणी अशी बदली माणसं कुठून आणणार?

प्रश्न : मॅडम, माझं द्वारकाजवळ गॅरेज आहे. मित्रासाठी रॅलीची गाडी तयार केली होती. सस्पेन्शन, टायर, एंट्री फी, हॉटेल, सगळं भरून झालं आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये रॅली रद्द. आयोजकांनी निम्मीच फी परत केली. मोठ्या लोकांना विमा असतो, आमचं काय? पुन्हा असं झालं तर काय काळजी घ्यावी?
– एक गॅरेजवाले

उत्तर : दादा, मी डॉक्टर आहे, वकील नाही, पण आयोजकांच्या बैठकांना बसून बसून थोडं कळतं. मोठ्या करारांत खरी कुस्ती ‘कोणी रद्द केली’ यावर असते. सरकारने बंदी घातली तर दैवी आपत्तीचं कलम लागतं. आयोजकाने आपणहून रद्द केली तर पैसे त्याच्या बोडक्यावर बसू शकतात. म्हणून सगळे दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत राहतात, आणि तेवढ्यात तुमच्यासारख्याचे टायर विकत घेऊन होतात. ‘मोठ्यांना विमा असतो’ हेही सरसकट खरं नाही. विम्बल्डनवाल्यांच्या पॉलिसीत साथीचं कलम होतं म्हणून त्यांना २०२० मध्ये भरपाई मिळाली. बहुतेकांच्या पॉलिसीत ते नव्हतंच.

निम्मी फी ठेवली यावर मी आयोजकाला लगेच चोर म्हणणार नाही. ट्रॉफ्या, परवानग्या, अ‍ॅम्ब्युलन्सची आगाऊ रक्कम हे आधीच गेलेलं असतं. पण त्याने हिशेब दाखवायला हवा होता, आणि उरलेली फी पुढच्या रॅलीत वळती करायला हवी होती. यापुढे एंट्री भरण्याआधी त्या रॅलीच्या पुरवणी नियमांमधला ‘रद्द/पुढे ढकलणे’ हा परिच्छेद वाचा. फी परत की वळती, आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे तिथे नसेल तर आयोजकाकडून मेलवर लिहून घ्या. फोनवरचं ‘होऊन जाईल, शेठ’ चालत नाही. हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या. सस्पेन्शन कुठे जात नाही, पुढच्या रॅलीला चालेल. टायर मात्र शेवटी घ्या, पडून पडून रबर कडक होतं.

प्रश्न : ताई, २०२२ मध्ये लम्पीमुळे आमच्याकडचे बैलबाजार आणि बैलगाडा शर्यती बंद केल्या होत्या. सात-आठ वर्षांची बंदी उठून वर्ष होत नाही तोच हे. माणसांच्या आजारामुळे मोटारी थांबल्या, पण जनावरांच्या आजारामुळे कधी थांबल्या का?
– एक शेतकरी, निफाड तालुका

उत्तर : थांबल्या की! इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधोमध आइल ऑफ मॅन नावाचं बेट आहे. तिथे टीटी ही मोटरसायकलींची शर्यत सुमारे ६० किलोमीटरच्या साध्या रस्त्यावर होते, गावांतून, कुरणांमधून. प्रेक्षक शेताच्या बांधावर बसतात, अगदी आपल्या रॅलीत बसतात तसे. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकुताची भयंकर साथ आली, लाखो जनावरं मारावी लागली. बेटावर रोग नव्हता. पण हजारो लोक ब्रिटनमधून बोटीने आपापल्या मोटरसायकली घेऊन येणार, म्हणून त्या वर्षी टीटी झालीच नाही. त्याआधी ती बंद पडली होती ती महायुद्धांत. नंतर २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनामुळे.

तुमच्या कामाचा फरक सांगते. लम्पी मुख्यतः चावणाऱ्या माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत पसरतो. म्हणून तेव्हा जनावरं एकत्र आणण्यावर बंदी आली, ती मला योग्य वाटते. बैलगाड्याची आवड मलाही आहे, पण बैलच आजारी पडले तर पळणार कोण? तुमच्या शिवारातून मोटारींची रॅली गेल्याने मात्र लम्पी येण्याची भीती जवळजवळ नाही. लाळ्या-खुरकुताचं तसं नाही, त्याचा विषाणू बुटांच्या तळव्यांवरून, टायरच्या चिखलातून जातो. आसपास त्याची साथ असेल आणि रॅलीवाले परवानगीला आले, तर ग्रामपंचायतीत दोन अटी घाला. एक, गोठ्यांच्या बाजूच्या बांधांवर प्रेक्षक बसणार नाहीत. दुसरी, स्टेजच्या दोन्ही टोकांना चाकं आणि बूट धुण्याची सोय आयोजकांनी करायची. १० लिटर पाण्यात ४०० ग्रॅम धुण्याचा सोडा पुरतो. मात्र आधी चिखल खरवडून काढा, आणि खात्री करून घ्यायची असेल तर तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना विचारा.