शब्दचर्चा : ‘बेइन हझ्मानीम’ म्हणजे ‘वार्षिक सुट्टी’ का?

प्रश्न असा आहे : एका अनुवादात यशिवातला, म्हणजे यहुदी धर्मपाठशाळेतला, मुलगा उन्हाळ्यात घरी येतो आणि ‘बेइन हझ्मानीम लागलं’ म्हणतो. तिथे ‘वार्षिक सुट्टी लागली’ किंवा ‘अनध्याय (नियमाने पाळायची पाठबंदी) सुरू झाला’ असं लिहिलं तर चालेल का?

माझ्या मते दोन्ही नको. पण दुसरा पर्याय एका दिवसापुरता अगदी चपखल आहे.

आधी शब्द फोडून पाहू. ‘बेइन’ म्हणजे ‘मध्ये’. आपल्या कोकणातल्या ‘बेने इस्राएल’ या यहुदी समाजाच्या नावातल्या ‘बेने’शी (मुलगे, वंशज) त्याची गल्लत करू नये. ‘झ्मान’ म्हणजे काळ, आणि यशिवाच्या बोलीत सत्र. ‘झ्मानीम’ हे त्याचं अनेकवचन. म्हणजे ‘सत्रांच्या मधला काळ’. हिब्रू बायबलात ‘झ्मान’ उपदेशक, एस्तेर, नहेम्या अशा उत्तरकालीन पुस्तकांत येतो. तो मुळात इराणी भाषांकडून आला असावा, असं अनेक अभ्यासक मानतात. फारसीतून आपल्याकडे आलेला ‘जमाना’ त्याच्याच गोतावळ्यातला.

यशिवाची सत्रं तीन. यहुदी पंचांगातल्या एलूल महिन्याच्या आरंभापासून योम किप्पूरपर्यंत (प्रायश्चित्ताच्या दिवसापर्यंत) सुमारे 40 दिवसांचं पहिलं, हेश्वान महिन्यापासून निसान महिना लागेपर्यंत हिवाळ्याचं मोठं, आणि इयारपासून आव महिन्याच्या नवमीपर्यंत उन्हाळ्याचं. प्रत्येकानंतर बेइन हझ्मानीम येतं, म्हणजे वर्षातून तीनदा. म्हणून ‘वार्षिक’ हे विशेषण चुकतं. वर्ष संपवणारी सुट्टी म्हणायची तर ती आवातली, साधारण तीन आठवड्यांची. (अमेरिकेतल्या ज्या यहुदी शाळांत गणित-विज्ञानही शिकवतात, तिथलं वर्ष साधारण जूनमध्ये संपतं. तो प्रकार वेगळा.)

आता हे वर्ष कुठल्या दिवशी संपतं ते बघा. आव महिन्याची नवमी, ‘तिशा बआव’, हा यरुशलेमच्या दोन्ही मंदिरांच्या विध्वंसाचा शोकदिन आणि कडक उपास. कोकणातले बेने इस्राएल वालाच्या बिरड्यावरून त्याला ‘बिरड्याचा सण’ म्हणत. तोराच्या, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राच्या, अभ्यासाने मन आनंदतं, म्हणून या दिवशी नेहमीचा अभ्यासच वर्ज्य. बायबलातली विलापगीत, ईयोब ही पुस्तकं आणि यिर्मयातले दुःखाचे भाग तेवढे वाचायचे. एरवी रात्रंदिवस तालमूद (धर्मनियमांच्या चर्चेचा मोठा ग्रंथ) घोकणाऱ्या मुलांनाही त्या दिवशी तो मिटून ठेवावा लागतो. हा खरा अनध्याय! वेदपाठशाळेत प्रतिपदेला, अष्टमीला पाठ बंद असतो, तसा नियमाने बंद केलेला अभ्यास.

पुढच्या तीन आठवड्यांना मात्र हा शब्द लावता येणार नाही. तेव्हा सत्र थांबतं, अभ्यासावर बंदी नसते. उलट मुलांनी रोज थोडं तरी शिकावं अशीच अपेक्षा असते, आणि ठिकठिकाणी सुट्टीपुरते खास वर्गही भरतात. ‘अनध्याय’ लिहिलं तर नेमका उलटा अर्थ जाईल. ‘सत्रसुट्टी’ किंवा सरळ ‘सत्र संपलं’ लिहावं. पात्राच्या तोंडी मूळ शब्द ठेवून पहिल्यांदा अर्थ उलगडला तर सगळ्यात उत्तम.

प्रश्नात नाही, पण त्याच अनुवादात लागेल असा शब्द ‘सियूम’. तालमूदचा एखादा ग्रंथखंड वाचून पुरा झाला की होणारा हा समारंभ. त्याला ‘निरोप समारंभ’ म्हणू नये. आपल्याकडे ‘सांगता’ हा सुंदर शब्द असताना दुसरा शोधायचं कारण नाही. सांगतेनंतर जेवण असतं. आवाच्या पहिल्या नऊ दिवसांत मांस वर्ज्य असलं, तरी सियूमच्या जेवणात ते चालतं. या वेळी म्हणायच्या आरामी भाषेतल्या पाठाची सुरुवात ‘हद्रान अलाख’ अशी. त्याचा रूढ अर्थ ‘आम्ही तुझ्याकडे परत येऊ’, आणि हे ग्रंथखंडाचं नाव घेऊन त्यालाच उद्देशून म्हणतात. पुढे ‘आम्ही तुला विसरणार नाही, तूही आम्हाला विसरू नकोस’ अशा आशयाची ओळ येते. अनुवादात हा एकेरी ‘तू’ जपाच. ‘या ग्रंथाचे पुन्हा अध्ययन करू’ असं लिहिलंत, तर त्यातली सगळी माया निघून जाईल.