पक्षाघात सेवेचे मूल्यमापन : लंडन आणि मँचेस्टर

प्रश्न : लंडन आणि ग्रेटर मँचेस्टर या दोन्ही महानगरांत २०१० मध्ये पक्षाघाताच्या उपचारांची फेररचना झाली आणि त्यानंतर दोन्हीकडे मृत्यूचे प्रमाण उतरले, असे वाचनात आले. तरीही जीव वाचवल्याचे श्रेय केवळ लंडनच्या योजनेला मिळाले. हा मँचेस्टरवर अन्याय नाही का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : अन्याय नाही, कारण त्या काळात पक्षाघातानंतरचे मृत्यू साऱ्या इंग्लंडमध्येच घटत होते. ‘आधी किती आणि नंतर किती’ एवढे पाहून भागत नाही. योजना नसती तर काय झाले असते, हे उर्वरित देशाशी ताडून ठरवावे लागते. २०१४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या अभ्यासाने तेच केले. लंडनमध्ये ९० दिवसांतील मृत्यू इतरत्र झालेल्या घटीपेक्षाही दर हजार रुग्णांमागे सुमारे ११ ने अधिक घटले. मँचेस्टरमध्ये असा जास्तीचा फरक दिसला नाही. रुग्णालयातील मुक्काम मात्र दोन्हीकडे कमी झाला आणि त्याचे श्रेय मँचेस्टरला द्यायलाच हवे.

मला अधिक मोलाचे वाटते ते पुढचे काम. संशोधकांनी नोंदींच्या जोडीला डॉक्टर, व्यवस्थापक आणि रुग्ण यांच्याशी बोलून कारणे शोधली. लंडनमध्ये पक्षाघाताचा संशय असलेला प्रत्येक रुग्ण, वेळ कोणतीही असो, आठ विशेष केंद्रांपैकी एकात न्यायचा, असा सरळ नियम होता आणि केंद्रांना मिळणारा पैसा ठरवलेले निकष पाळण्याशी जोडलेला होता. मँचेस्टरमध्ये तीन केंद्रे होती, त्यांपैकी एकच चोवीस तास चाले आणि लक्षणे सुरू होऊन चार तास उलटले नसतील तरच रुग्णाला तिथे नेले जाई. झोपेतून उठतानाच ज्याचे अंग लुळे पडलेले आढळते, त्याच्या बाबतीत हे चार तास कधीपासून मोजायचे? परिणामी लंडनमध्ये सुमारे ९३ टक्के रुग्णांवर विशेष केंद्रांत उपचार झाले, तर मँचेस्टरमध्ये सुमारे ३९ टक्क्यांवर. केंद्रांतील उपचार कितीही उत्तम असले, तरी निम्म्याहून अधिक रुग्ण तिथे पोहोचलेच नाहीत.

२०१५ मध्ये मँचेस्टरने वेळेची ती अट काढून टाकली. हे प्रमाण सुमारे ८६ टक्क्यांवर गेले आणि या केंद्रांत उपचार घेणाऱ्यांमधील मृत्यू देशाच्या तुलनेत अधिक घटल्याचे २०१९ च्या अभ्यासात दिसले. मात्र हे निष्कर्ष दाट वस्तीच्या महानगरांचे आहेत. लंडनची आखणीच रुग्णवाहिकेने अर्ध्या तासात केंद्र गाठता यावे, या हिशेबाने झाली होती. सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातील गावांसाठी तीच रचना जशीच्या तशी उचलता येणार नाही.