एम्ब्रियो ट्रान्सफरनंतर (आयव्हीएफमध्ये गर्भ गर्भाशयात सोडल्यावर) प्रेग्नन्सीचा रिपोर्ट येईपर्यंत झोपूनच राहायचं का? काय काळजी घ्यावी?

ताई, सासूबाई पलंगावरून उठू देत नाहीत असं तुम्ही लिहिलंय, म्हणून आधी तेच सांगते. उठा. घरात फिरा, जिने चढा, बैठं काम असेल तर ऑफिसलाही जा. चालल्याने, शिंकल्याने किंवा संडासला जोर लागल्याने गर्भ खाली पडत नाही. गर्भाशयाच्या पुढच्या-मागच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात, गर्भ त्यांच्या मधोमध असतो. यावर अभ्यास झालेत. झोपून राहिल्याने यश वाढल्याचं दिसलेलं नाही. जड उचलणं आणि जिम तेवढं राहू द्या.

जपायचं ते औषधांना. प्रोजेस्टेरॉनची, म्हणजे गर्भ रुजायला मदत करणाऱ्या हार्मोनच्या औषधाची, वेळ चुकवू नका, मोबाइलवर गजर लावा. थोडा डाग दिसला तरी मनाने औषध बंद करू नका, क्लिनिकला फोन करा. फॉलिक अ‍ॅसिड चालू ठेवा. ताप आला तर पॅरासिटामॉल चालतं, पण ब्रुफेनसारखी गोळी विचारल्याशिवाय नको. पपई नको म्हणतात ना, मग नका खाऊ. त्यावरून घरात वाद कशाला?

खरी परीक्षा मनाची असते. छाती जड झाली की मला आशा वाटायची, हलकी झाली की रडू यायचं. पण पोट फुगणं, छाती दुखणं, झोप येणं हे सगळं प्रोजेस्टेरॉननेही होतं, त्यावरून काहीच कळत नाही. घरी किटवर तपासायची घाईही करू नका. ताजं ट्रान्सफर असेल, म्हणजे गर्भ गोठवून न ठेवता सोडला असेल, तर बीजं काढण्याआधी दिलेल्या ट्रिगरच्या इंजेक्शनमधलं एचसीजी (किट जे ओळखतं ते गरोदरपणाचं हार्मोन) अंगात उरलेलं असू शकतं आणि खोटी दुसरी रेघ दिसते. लवकर तपासलं तर खरी रेघही दिसत नाही. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला रक्ताची बीटा एचसीजी तपासणीच करा.

पोट झपाट्याने फुगलं, लघवी कमी झाली, धाप लागली, उलट्या थांबेनात किंवा पोटात जोरात दुखलं, तर सकाळची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना कळवा.

आणि रिपोर्ट नकारात्मक आला, तर ‘तू त्या दिवशी जिना चढलीस’ असं कुणालाही म्हणू देऊ नका. गर्भ न रुजण्यामागे त्याच्या गुणसूत्रांतला दोष हे मोठं कारण असतं, आणि त्यावर तुमचा काहीच ताबा नसतो. रिपोर्टची तारीख मी फक्त नवऱ्याला आणि बहिणीला सांगितली होती. लॅबचा फोनही त्यांनीच घ्यायचा, हे आमचं आधीच ठरलं होतं. तुम्हीही असं काही आजच ठरवून ठेवा.