प्लॅटफॉर्मवरचं वायफाय आणि न येणारा ओटीपी

सुट्ट्या जवळ आल्या की या सदराकडे येणारे प्रश्न आपोआप प्रवासाकडे वळतात. या वेळी तर सगळ्यांचा सूर एकच आहे: वाटेत फुकट वायफाय कुठं मिळेल आणि मिळालं तर चालेल का?

मनमाडला गाडी दोन तास लेट होती. फोनवर 'रेलवायर' हे स्टेशनचं फुकट वायफाय दिसलं, जोडलं, 'कनेक्टेड' आलं, पण मोबाइल नंबर टाकायचं पान काही उघडेना. शेजारच्या मुलाच्या फोनवर मात्र लगेच उघडलं. असं का? (निवृत्त शिक्षक, नाशिक)

बहुतेक तुमच्या फोनमधल्या एखाद्या सेटिंगमुळे. वायफायला जोडल्याबरोबर फोन आपणहून एका ठरलेल्या पत्त्यावर टकटक करून बघतो. अपेक्षित उत्तराऐवजी दुसरंच पान आडवं आलं की त्याला कळतं, इथं आधी नोंद करायची आहे. मग वरून 'साइन इन'ची सूचना उतरते. ही टकटकच अडली, तर सूचना येणार कुठून?

अडवणारे दोघं ठरलेले आहेत, व्हीपीएन (फोनचं सगळं नेट दुसऱ्याच सर्व्हरमार्गे नेणारी सोय) आणि प्रायव्हेट डीएनएस (साइटचे पत्ते सांगणारी, आपण निवडलेली सेवा). माझ्या मामांचं हेच झालं होतं. दौंडच्या बाकावर एका हातात चहा, दुसऱ्या हातानं ते पुन्हा पुन्हा वायफाय बंद-चालू करत होते. जाहिराती दिसू नयेत म्हणून भाच्यानं, म्हणजे मीच, त्यांच्या फोनमध्ये एक प्रायव्हेट डीएनएस घालून दिला होता. फोन पत्ता विचारायला फक्त त्याच्याकडेच जाणार आणि नोंद झाल्याशिवाय स्टेशनचं वायफाय त्याला बाहेर सोडणार नाही. सेटिंगमध्ये प्रायव्हेट डीएनएस शोधून 'ऑटोमॅटिक' केलं आणि चहा संपायच्या आत पान उघडलं. तुम्हीही तेच करून बघा. तरीही नाही उघडलं तर ब्राउझरमध्ये 'नेव्हरएसएसएल डॉट कॉम' टाका. ही साइट मुद्दाम कुलूप न लावता ठेवलेली आहे, त्यामुळे वायफायला तिच्या जागी आपलं नोंदणीचं पान दाखवता येतं.

मिळतं किती तेही सांगतो, म्हणजे अपेक्षा बेताच्या राहतील. रोज पहिली ३० मिनिटं फुकट, वेग १ एमबीपीएस. म्हणजे सेकंदाला एक मेगाबिट, आणि आठ मेगाबिटांचा एक एमबी. गुणाकार-भागाकार केला तर अर्ध्या तासात जास्तीत जास्त २२५ एमबी. तिकिटाची पीडीएफ, ईमेल, नातवाचे फोटो यांना भरपूर, सिनेमाला नाही. पुढं हवं असेल तर २०२१ पासून पैसे भरायचे प्लॅन आहेत. ही सोय जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला सुरू झाली, तेव्हा रेल्वेच्या रेलटेल कंपनीबरोबर गूगल होतं. २०२० मध्ये गूगल बाहेर पडलं. मोबाइल डेटा आता इतका स्वस्त झालाय की याची पूर्वीसारखी गरज उरली नाही, असं त्यांनीच सांगितलं. मलाही ते पटतं. आपल्याकडे फुकट वायफाय शोधण्यात जो वेळ जातो, त्याची किंमत बहुतेक वेळा डेटापेक्षा जास्त पडते.

अमेरिकेतला भाचा आलाय. पुणे स्टेशनवर त्याच्या अमेरिकन नंबरवर ओटीपीच येईना. तिकडे म्हणे कुठंही नुसतं 'ॲक्सेप्ट' दाबलं की नेट चालू होतं. आपल्याकडेच ही भानगड का? (गृहिणी, कोथरूड)

भाचा खरं सांगतोय. तिकडे कॉफीच्या दुकानात, सार्वजनिक लायब्ररीत अटींवर टिक केली की झालं. आपल्याकडच्या कडकपणाला कारण आहे. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांआधी माध्यमांना जो ईमेल गेला, तो नवी मुंबईतल्या एका फ्लॅटच्या उघड्या, पासवर्ड नसलेल्या वायफायवरून गेला होता. घरातल्या माणसाचा काही संबंध नव्हता, पण पोलीस आधी त्याच्याच दारात आले. त्यानंतर २००९ मध्ये दूरसंचार खात्यानं नियम घातला: सार्वजनिक वायफाय वापरणारा कोण आहे, याची नोंद हवी. मोबाइल नंबर आणि ओटीपी हा त्यातला सोपा मार्ग. प्रत्येक भारतीय सिममागे ओळखपत्र असतंच.

भाच्यासाठी उपाय घरातच आहे. तुमच्या फोनचा हॉटस्पॉट चालू करून द्या. जास्त दिवस राहणार असेल तर पासपोर्ट-व्हिसावर इथलं सिम घ्या. मोठ्या विमानतळांवर परदेशी प्रवाशांना बऱ्याचदा चौकशी खिडकीवर पासपोर्ट दाखवून वायफायचा कोड मिळतो, तेवढं विचारून ठेवा.

मुंबईहून रत्नागिरीला जाताना गाडीत बसून ऑफिसचं काम उरकावं म्हणतो. कोकण रेल्वेच्या स्टेशनांवरच्या वायफायवर जमेल? (सॉफ्टवेअरवाला, ठाणे)

नाही जमणार. स्टेशनचं वायफाय फलाटापुरतं असतं आणि गाडी थांबते दोन मिनिटं. तुमचा ओटीपी येईपर्यंत चिपळूण मागं पडलेलं असेल. मधे मोबाइलच्या नेटवर भिस्त ठेवाल, तर हा मार्ग ९१ बोगद्यांचा आहे. रत्नागिरीच्या अलीकडचा करबुडे बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटर. तेवढ्या अंतरात मीटिंगमध्ये तुमचा गोठलेला चेहरा सगळ्यांनी बघायचा.

फायली आदल्या रात्री घरच्या वायफायवर उतरवून घ्या आणि नेट न लागणारं काम गाडीसाठी राखून ठेवा. नकाशाचंही तेच. गूगल मॅप्समध्ये रत्नागिरी जिल्ह्याचा भाग 'ऑफलाइन' उतरवता येतो. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, ते थेट उपग्रहाचा सिग्नल घेतं. गणपतीपुळ्याच्या वाटेवर रेंज गेली तरी निळा ठिपका चालत राहतो. आणि खिडकीबाहेर बघायलाही हरकत नाही, पावसाळ्यात तर नाहीच.

आई-बाबा पहिल्यांदाच अमेरिकेला चाललेत, दुबईत पाच तास थांबा आहे. तिथल्या फुकट वायफायवरून व्हॉट्सॲप कॉल करा असं सांगून ठेवलंय. पुरेल ना? (मुलगी, न्यू जर्सी)

ताई, बरं झालं आधी विचारलंत. दुबई विमानतळावर वायफाय फुकट आहे, पण संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपचे व्हॉइस आणि व्हिडिओ कॉल बंद आहेत. वायफाय उत्तम असलं तरी कॉल लागत नाही, आणि आई-बाबांना वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. मेसेज, फोटो आणि व्हॉइस नोट मात्र जातात. त्यांना घरीच व्हॉइस नोट पाठवायला शिकवा: माइकचं बटण दाबून धरायचं, बोलायचं, सोडायचं. दोन दिवस तुम्हाला आणि भावंडांना पाठवून सराव करू द्या. व्हीपीएनची पळवाट कोणी सुचवली तर तिथं नको, कायद्याची भानगड आहे.

न्यू जर्सीचा पत्ता, तुमचा नंबर आणि परतीचं तिकीट कागदावर छापून बाबांच्या खिशात असू द्या. इमिग्रेशनच्या रांगेत फोन उघडून ईमेल शोधत बसायची वेळ नको.

फुकट वायफायवर बँकेचे व्यवहार करावेत का? (किराणा दुकानदार, सांगली)

यूपीआय आणि बँकेची अधिकृत ॲप्स स्वतःची माहिती कुलूपबंद करूनच पाठवतात, त्यामुळे शेजारच्या टेबलावरचा माणूस तुमचा पिन वाचेल ही भीती आता बरीचशी जुनी झाली. तरी पैशाचं काम मोबाइल डेटावर करा, दोन रुपयांचाही डेटा लागत नाही.

खरी भीती आहे ती नोंदणीच्या खोट्या पानाची. स्टेशनच्या किंवा हॉटेलच्या नावानं कोणीही हॉटस्पॉट उभा करू शकतो. तुम्ही तिथं नंबर टाकता, आणि पलीकडचा त्याच क्षणी तो नंबर आपल्या फोनवरच्या व्हॉट्सॲपमध्ये टाकतो. तुम्हाला येतो तो व्हॉट्सॲपचा कोड, आणि तुम्ही तो वायफायचा समजून पानावर भरता. संपलं, खातं गेलं. म्हणून आकडे टाकण्याआधी मेसेज पूर्ण वाचा. वायफायचं पान कार्ड नंबर किंवा जीमेलचा पासवर्ड मागत असेल तर तिथूनच माघारी फिरा. काम झालं की त्या नेटवर्कवर 'फर्गेट' दाबा, नाहीतर पुढच्या वेळी त्याच नावाचं काहीही दिसलं की फोन आपला आपण जाऊन चिकटतो.

रेंज आहे पण नेट नाही, अशा वेळी *९९# डायल करून यूपीआयचे पैसे पाठवता येतात. गल्ल्यावरच्या मुलाला हे शिकवून ठेवा.

आईला घेऊन यंदा वारीला जातोय. मुक्कामाच्या गावी फोन लागत नाही असं ऐकतो. वायफाय शोधावं का? (वाचक, बार्शी)

वायफायच्या मागं लागू नका. टॉवर उभा असतो, फोनवर रेंजच्या काड्याही पूर्ण दिसतात, पण एका टॉवरवर एकाच वेळी लाखभर माणसं आली की कोणाचाच नंबर लागत नाही. अशा गर्दीत कॉलपेक्षा साधा एसएमएस जाण्याची शक्यता जास्त, कारण तो थांबून थांबून पुन्हा प्रयत्न करतो. पहाटेही जरा मोकळं असतं. चुकामूक झाली तर कुठं भेटायचं ते रोज सकाळी निघतानाच ठरवा. आणि आईच्या पिशवीत एक चिठ्ठी ठेवा: तुमचा नंबर, दिंडीचा क्रमांक, आणि दिंडी रथापुढे आहे की रथामागे.